टेकडीवर झाडं कुठपर्यंत लावता येतील? वाऱ्याचा मारा मोजण्याबद्दल

उतारमाथा:

जागा सुमारे ९ हेक्टरची, एक लांबट टेकडी. पायथ्यापासून माथा ४५ मीटर उंच. वर सलग धार आहे आणि धारेच्या मधोमध एक खिंड. ज्या बाजूने वारा येतो तो उतार सौम्य, मागचा चांगलाच तीव्र. पायथ्याशी एक खोलगट घळ. सध्या सगळीकडे गवत आहे, मधूनमधून खुरटी झुडपं. मिश्र लागवड करायची आहे. त्यातली काही झाडं पुढे १५ मीटरपर्यंत जाणारी आहेत.

हातात धरायच्या वेगमापकाने एका दुपारी जमिनीपासून दीड मीटरवर घेतलेले आकडे असे: धारेवर सेकंदाला ६.२ मीटर, खिंडीत ७.८, वाऱ्याकडच्या उताराच्या मध्यावर ३.९, मागच्या उतारावर वरच्या भागात २.४, पायथ्याला २.१.

प्रश्न तीन. झाडं कुठपर्यंत लावायची याची रेघ एवढ्या आकड्यांवरून मारता येईल का? कापडी निशाणं लावून त्यांची झीज मोजायची पद्धत ऐकली आहे, ती नेमकी कशी करतात आणि किती निशाणं लागतील? आणि किती वाऱ्याला झाड लागत नाही, असा काही ठरलेला आकडा आहे का?

---

ताणाबाणा:

त्या दुपारच्या आकड्यांवर रेघ मारू नका. ते एका दिशेच्या, एका जोराच्या वाऱ्याचे आहेत. दिशा ४५ अंशांनी बदलली की खिंड आणि उतार यांचा क्रम उलटूही शकतो. मागच्या उतारावरचा २.४ तर मला सगळ्यात संशयास्पद वाटतो, पण त्यावर इथे दुसरं कोणीतरी नीट लिहील. मी निशाणांबद्दल सांगतो.

ही पद्धत ब्रिटनच्या वनखात्याने १९६०च्या दशकात नव्या लागवडींसाठी रुळवली. तत्त्व साधं आहे: कड न दुमडलेलं सुती कापड वाऱ्यात फडफडतं, मोकळ्या कडेचे धागे सुटत जातात, आणि ठराविक दिवसांत किती क्षेत्रफळ गेलं यावरून त्या जागेला एकूण किती मारा बसला ते कळतं. वेगमापक त्या क्षणाचं सांगतो. निशाण रात्रीचा, वादळाचा, तुम्ही तिथे नसतानाचा सगळा वारा साठवून ठेवतं. उणीव एकच पण मोठी: दिशा कळत नाही.

कापड. मूळ पद्धतीत मादापोलम वापरायचे, म्हणजे साध्या विणीचं, मध्यम जाडीचं सुती कापड. (हे नाव गोदावरीच्या मुखाकडच्या एका गावावरून आलेलं आहे.) मादापोलम मिळालं नाही तर साध्या विणीचा मांजरपाट चालतो, पण तीन अटी पाळाव्या लागतात. शंभर टक्के सुती हवं, कारण पॉलिएस्टरची भेसळ असली की कापड महिनोन्‌महिने विरत नाही. पूर्ण वर्षाचं कापड एकाच ताग्यातलं हवं. आणि कापायच्या आधी कोमट पाण्यात दोनदा धुऊन खळ काढून टाकायची. खळ राहिली तर पहिल्या पावसापर्यंत निशाण कडक राहतं, झीज कमी दिसते, आणि पावसानंतर ती एकदम वाढते. मग ती वाढ वाऱ्याची म्हणून नोंदली जाते.

माप: मोकळा भाग ३० × ३८ सेंटिमीटर. ३० ची बाजू काठीलगत, ३८ ची वाऱ्यात. काठीकडच्या बाजूला नळी शिरेल अशी दुमड शिवायची, तिच्यासाठी ४ सेंटिमीटर जास्तीचं कापड धरा. बाकीच्या तिन्ही कडा बिनदुमडीच्या. कापताना एक धागा ओढून काढायचा आणि त्या रेघेवरून कात्री चालवायची. तिरकं कापलेलं निशाण एका कोपऱ्यातून फार लवकर उसवतं. ताग्याचा विणीतला काठ कुठल्याही मोकळ्या बाजूला येऊ देऊ नका, तो सुटतच नाही.

काठी. लोखंडी पाइप अर्धा मीटर जमिनीत. वर १० मिलिमीटरची गुळगुळीत सळई, तिच्यावर १४ मिलिमीटर आतला व्यास असलेली ३२ सेंटिमीटर लांबीची प्लास्टिकची नळी सैल बसवायची. नळीच्या खाली आणि वर वॉशर, वर पिन. निशाण नळीवर चढवायचं आणि दुमडीत दोन टाके घालून नळीला पक्कं करायचं, म्हणजे नळीसकट फिरेल. निशाणाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर येऊ द्या आणि सगळीकडे हीच उंची ठेवा. नळी अडली की कापड काठीला गुंडाळलं जातं आणि सगळ्यात उघड्या जागेवर सगळ्यात कमी झीज दिसते. या पद्धतीतली ही सर्वांत जास्त होणारी चूक. गुंडाळलेल्या निशाणाची खूण म्हणजे काठीला समांतर चुण्या आणि त्या चुण्यांवर घासून पातळ झालेलं कापड. तसं दिसलं तर ते मोजमाप सरळ रद्द करा.

किती? तुमच्या जागेसाठी ८ ठिकाणं पुरतील: धारेवर दोन, खिंडीत एक, वाऱ्याकडच्या उतारावर वर आणि मध्ये, मागच्या उतारावर वर आणि मध्ये, घळीत एक. याशिवाय दोन संदर्भाची ठिकाणं हवीतच. एक, जिथे जवळपास तशाच मातीत झाडं सरळ आणि पूर्ण उंचीची वाढली आहेत, तिथे झाडांच्या ओळीबाहेर मोकळ्यावर. दुसरं, जिथे तीच झाडं जगली आहेत पण खुरटून वाकडी झाली आहेत. ही दोन नसतील तर निशाणांच्या आकड्यांना अर्थ लावता येत नाही. प्रत्येक ठिकाणी ३ मीटर अंतराने दोन निशाणं. म्हणजे २० निशाणं एका फेरीला, दोन-दोन महिन्यांच्या सहा फेऱ्या, एकूण १२०. एका चौरस मीटर कापडात वाया जाणारं धरून ७ निशाणं बसतात, तेव्हा १८ चौरस मीटर कापड घ्या.

मोजणी. उतरवलेलं निशाण हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. काळ्या फळ्यावर ५ सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकटी आखून त्यावर ठेवा आणि बरोबर वरून फोटो काढा. मग चौकटींवरून किंवा संगणकावर ठिपके मोजून उरलेलं क्षेत्रफळ काढायचं. विणलेला भाग तेवढाच धरायचा, लोंबणारे सुटे धागे वगळायचे, आणि हा नियम सहाही फेऱ्यांत एकाच माणसाने लावायचा. वजनावरून झीज काढू नका. सुती कापड हवेतलं बाष्प सात-आठ टक्के सहज धरतं, वर धूळ बसते, आणि घळीतल्या निशाणाची झीजच तेवढी असते.

झीज = गेलेलं क्षेत्रफळ ÷ दिवस. पूर्ण निशाण ११४० चौरस सेंटिमीटरचं. निम्म्याहून जास्त जाऊ देऊ नका. आखूड झालेलं निशाण कमी फडफडतं, मग झीज मंदावते आणि जोराच्या जागा प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतात.

उन्हाने सुताची ताकद कमी होते, पावसाने आणि दहिवराने झिजेचा वेग बदलतो. म्हणून एका ऋतूतल्या झिजेची तुलना दुसऱ्या ऋतूशी करायची नाही. तुलना नेहमी त्याच फेरीतल्या संदर्भ निशाणाशी. जनावरं कापड चावतात आणि पक्षी घरट्यासाठी धागे ओढतात, तेव्हा दर आठ-दहा दिवसांनी फेरी मारून फोटो घेत राहा. चावलेली कड अर्धगोल आणि स्वच्छ असते, वाऱ्याने गेलेली झालरीसारखी.

---

ओळंबा:

निशाणं वर्षभर चालतील. तोवर एका दिवसात होणारं काम म्हणजे क्षितिजाचे कोन. तेही करून ठेवा, कारण निशाणं कुठे लावायची हे त्यावरून जास्त चांगलं ठरतं.

ज्या ठिकाणी झाड लावायचं तिथे उभं राहून आठ दिशांना (उत्तर, ईशान्य, पूर्व अशा ४५-४५ अंशांवर) जमिनीची क्षितिजरेषा डोळ्याच्या पातळीपेक्षा किती अंश वर आहे ते मोजायचं. क्षितिज खाली असेल तर शून्य धरायचं. आठही कोनांची बेरीज म्हणजे त्या जागेचा आडोसा. ब्रिटिश वनशास्त्रात या बेरजेला टोपेक्स म्हणतात आणि ढोबळ गट असे करतात: १० पर्यंत अतिशय उघडी जागा, ११ ते ३० बरीच उघडी, ३१ ते ६० मध्यम उघडी, ६१ ते १०० मध्यम आडोशाची, १०० च्या वर चांगल्या आडोशाची.

साधन म्हणून शाळेतला कोनमापक, नळीचा तुकडा आणि ओळंबा पुरतो. फोन वापरत असाल तर आधी त्याची चूक काढा. दोन खुंट्यांवर समान उंचीच्या खुणा करून पहिलीवरून दुसरी बघा, मग दुसरीवरून पहिली. दोन्ही वाचनांची चिन्हांसकट सरासरी शून्य यायला हवी. जी येईल ती फोनची चूक, ती प्रत्येक वाचनातून वजा करा. एका अंशाची चूक आठ दिशांत मिळून आठ अंश होते आणि जागेचा गटच बदलतो. धुकं किंवा झाडी आड येत असेल तिथे नकाशावरून कोन काढा: ४०० मीटरवरची कड ६० मीटर उंच असेल तर ६० ÷ ४०० = ०.१५, म्हणजे साधारण ८.५ अंश.

आता ही बेरीज कुठे फसवते ते.

लांबचा डोंगर. १० किलोमीटरवरचा उंच डोंगर ५ अंश देऊन जातो, पण त्याचा आडोसा तुमच्या रोपापर्यंत पोचतच नाही. त्याच्यामागे खाली आलेला वारा वाटेत पुन्हा जमिनीला लागलेला असतो. म्हणून १ किलोमीटरच्या आतलीच क्षितिजरेषा धरून दुसरी बेरीज करा. दोन बेरजांत मोठा फरक पडला तर कमी असलेली बेरीज खरी माना.

खिंड. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांमुळे बेरीज ३० किंवा ४० येते आणि जागा मध्यम वाटते. वारा मात्र त्या दोन उंचवट्यांमधून आवळून, वेग घेऊन जातो. तुमच्या वेगमापकाने हे आधीच दाखवलं आहे. खिंडीसाठी आठ दिशांची बेरीज विसरा आणि खिंडीच्या आरपार जाणाऱ्या दोन दिशांचे कोन तेवढे बघा.

दिशेचं वजन. बेरजेत आठही दिशांना समान मान आहे, वारा मात्र तसा वाहत नाही. जवळच्या वेधशाळेच्या नोंदींतून कुठल्या दिशेने जोराचा वारा किती वेळ येतो ते घ्या, आणि निदान मुख्य दिशा व तिच्या दोन्ही शेजारच्या दिशा यांची वेगळी बेरीज करा. मागून १५ अंशांचा उंचवटा असून समोरून शून्य, अशी जागा कागदावर बरी दिसते आणि रोपाला काहीच देत नाही.

धारेबद्दल एक हिशोब. वारा लांब धारेला काटकोनात येत असेल तर माथ्यालगत वेग किती वाढतो याचा ढोबळ नियम: वाढीचं प्रमाण = २ × उंची ÷ अर्धरुंदी. अर्धरुंदी म्हणजे माथ्यापासून वाऱ्याकडे, टेकडीची उंची निम्मी होते तिथपर्यंतचं आडवं अंतर. तुमचा माथा ४५ मीटर आणि ते अंतर समजा १८० मीटर असेल तर २ × ४५ ÷ १८० = ०.५, म्हणजे दीडपट वेग. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोन पट. सुट्या गोल टेकडीला २ च्या जागी १.६ घ्या, एकाच बाजूने चढ असलेल्या कड्याच्या माथ्याला ०.८. उतार फार तीव्र असेल तर हा नियम लागू होत नाही.

आणि तो मागचा उतार. साधारण १७ अंशांपेक्षा तीव्र असलेल्या मागच्या उतारावर वारा जमिनीला धरून उतरत नाही, माथ्यावरून सुटतो आणि खाली उलटा भोवरा होतो. तिथे सरासरी वेग कमी येतो, पण झोत अचानक, दोन्ही बाजूंनी आणि कधी उताराच्या वर येणारे असतात. झाड एका बाजूच्या सतत रेट्याला मुळं आणि बुंधा जाड करून सरावतं, पण दिशा बदलणाऱ्या हिसक्यांना सरावणं त्याला फार कठीण जातं. तुमचा २.४ बहुधा त्या भोवऱ्यातला आहे. तिथे मीटर-दीड मीटर लांबीच्या रिबिनी १० मीटर अंतरांवर लावून जोराच्या वाऱ्यात तासभर बघत बसा. रिबिनी माथ्याकडे वळताना दिसल्या तर तो भाग आडोशाचा धरू नका.

---

मुळाशी:

वर दोघांनी लिहिलं त्यात भर. तुमची खुरटी झुडपंही मोजमाप देतात.

वाऱ्याकडच्या फांद्या आखूड, मागच्या लांब, शेंडा वाऱ्याच्या दिशेने झुकलेला असेल तर मागची सर्वांत लांब फांदी ÷ समोरची सर्वांत लांब फांदी असं प्रमाण प्रत्येक झुडपाचं काढा आणि नकाशावर लिहा. सूचिपर्णी झाडांसाठी या वाकण्याची ग्रिग्स-पटनम नावाची श्रेणी आहे. नुसता शेंडा एका बाजूला विंचरल्यासारखा दिसत असेल तर वार्षिक सरासरी सेकंदाला ३ ते ४ मीटर. वाऱ्याकडची बाजू पूर्ण बोडकी होऊन झाड झेंड्यासारखं दिसलं तर ६ ते ७. झाड जमिनीलगत गालिच्यासारखं पसरलं तर १० च्या पुढे. रुंद पानांच्या झाडांना हे आकडे लावू नका, क्रम तेवढा वापरा.

खोडाचा आडवा छेद बघता आला तर आणखी एक खूण मिळते. सूचिपर्णी झाडांत वाढीची वलयं वाऱ्याच्या मागच्या बाजूला रुंद असतात, रुंदपर्णी झाडांत बहुधा वाऱ्याकडच्या बाजूला. तीव्र उतारामुळेही वलयं एका बाजूला सरकतात, म्हणून सपाटीवरचंच खोड निवडा.

फसगत कुठे होते: जनावरांनी खाल्लेल्या झुडपाला ठराविक उंचीवर सरळ रेघ दिसते, वाऱ्याने झिजलेल्याला तिरपी. एका बाजूच्या गर्द सावलीनेही झाड एकांगी होतं. समुद्राजवळ खारे तुषार कोंब जाळतात. ते नुकसान वाऱ्यासारखंच दिसतं, आणि सुती निशाणाला ते कळत नाही.

---

वेगलेखा:

वेगमापक ठेवायचाच असेल तर नोंद ठेवणारा एक घ्या आणि धारेवर लावा. हातातला घेऊन फिरण्यापेक्षा तो जास्त सांगेल. सोबत दिशादर्शक हवाच.

नोंद १० मिनिटांच्या सरासरीची आणि त्या १० मिनिटांतल्या सर्वांत मोठ्या ३ सेकंदांच्या झोताची, दोन्ही. नुसती सरासरी का चालत नाही ते बघा. एका जागी वेग कायम ४. दुसरीकडे अर्धा वेळ १ आणि अर्धा वेळ ७, सरासरी पुन्हा ४. रेट्यासाठी वर्गांची सरासरी घेतली की पहिली जागा १६ आणि दुसरी २५. रोपाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या जागा आहेत.

वेधशाळेचे आकडे १० मीटर उंचीचे असतात. आखूड गवतावर २ मीटरवरच्या वेगाला १.३८ ने गुणा, दीड मीटरवरच्याला १.४८ ने, म्हणजे ढोबळ तुलना होते. उंच गवत, झुडपं किंवा तापलेल्या जमिनीची दुपार असेल तर हे गुणक चुकतात, आणि माथ्यावर तर चुकतातच. वाटी फिरणाऱ्या वेगमापकाचा खालचा वेग घर्षणाने दबतो, झोतात तो थोडा जास्त दाखवतो. खांबाच्या आडोशात वाटी येऊ नये म्हणून तो खांबाच्या टोकावरच बसवा.

एक वर्ष वादळी असेल किंवा शांत असेल. तुमच्या नोंदी आणि वेधशाळेच्या त्याच काळातल्या नोंदी आठ दिशांत वाटून प्रत्येक दिशेचं गुणोत्तर काढा, आणि ती गुणोत्तरं वेधशाळेच्या गेल्या १० वर्षांना लावा. सगळ्या दिशांचं मिळून एकच गुणोत्तर काढलं तर खिंड हमखास चुकते.

---

उतारमाथा:

सगळ्यांचे आभार. निशाणं लावली. पहिल्या फेरीचे आकडे (प्रत्येक ठिकाणी दोन निशाणांची सरासरी, झीज रोज चौरस सेंटिमीटरमध्ये):

धार: ५४८ गेले, ४१ दिवसांत बदलावं लागलं, १३.४
खिंड: ५६३, ३७ दिवसांत बदललं, १५.२
वाऱ्याकडचा उतार, मध्य: ३२९, ६१ दिवस, ५.४
घळ: ९८, ६१ दिवस, १.६
मागचा उतार, वर: एका निशाणाचे ४१५, दुसऱ्याचे १९०, ६१ दिवस
संदर्भ, चांगली झाडं: २४४, ६१ दिवस, ४.०
संदर्भ, खुरटी झाडं: ५३७, ६१ दिवस, ८.८

क्षितिजाची बेरीज: धार ७, खिंड ३४, उताराचा मध्य २६, घळ ७२. मागच्या उतारावर रिबिनी दोनदा माथ्याकडे वळताना दिसल्या. आता रेघ कुठे मारायची?

---

ताणाबाणा:

आधी एक दुरुस्ती. धारेचे ४१ दिवस, खिंडीचे ३७ आणि बाकीचे ६१, ही सरळ तुलना नाही. शेवटच्या २० दिवसांत वारा पडला असेल तर धार आणि खिंड उगाच जोरात दिसतात, वादळ आलं असेल तर उलट. पुढच्या फेरीपासून धारेवरचं निशाण बदलाल त्याच दिवशी सगळ्यांचे फळ्यासकट फोटो घ्या. किंवा सरळ सगळीच ३० दिवसांनी बदला. घळीत ३० दिवसांत ५० चौरस सेंटिमीटरही गेलेले नसतील, तिथे मोजणीची चूक मोठी ठरते, म्हणून मला फोटोचा मार्ग बरा वाटतो.

मागच्या उतारावरची जोडी सरासरी घेण्यासारखी नाही. १९० वाल्या निशाणावर काठीला समांतर चुण्या आहेत का बघा. असतील तर ते गुंडाळलं होतं, आणि ४१५ म्हणजे रोज ६.८ हा आकडा धरा. चुण्या नसतील आणि नळी मोकळी फिरत असेल तर ३ मीटरवर इतका फरक म्हणजे भोवऱ्याची कड तिथेच आहे. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघतो: तो भाग मध्यम माऱ्याच्या गटात, घळीच्या गटात नाही.

ठरलेला आकडा विचारला होता, तो सगळ्यांसाठी एकच असा नाही. ब्रिटनमध्ये वाऱ्याचा विभाग, समुद्रसपाटीपासूनची उंची, आडोसा आणि उताराची दिशा मिळून गुण देतात आणि त्यावर मर्यादा ठरवतात, पण ती तिथल्या वाऱ्यांवर आणि तिथल्या झाडांवर बेतलेली आहे. तुमची मर्यादा तुमच्या दोन संदर्भांमध्ये आहे. ४.० च्या आसपास आणि खाली: हवी ती झाडं. ४.० ते ८.८, म्हणजे मध्यम मारा: जगतील, पण उंची आणि सरळपणा कमी मिळेल, तेव्हा चिवट जाती आणि दाट लागवड. ८.८ च्या वर: १५ मीटरची झाडं नकोत. ही रेघ पेन्सिलीनेच मारा, उरलेल्या पाच फेऱ्यांत ती सरकेल. निर्णय वर्षाच्या सरासरीवर न घेता सर्वांत वाईट फेरीतल्या प्रमाणावर घ्या. रोप त्याच दोन महिन्यांत मरतं.

---

मुळाशी:

रेघ पक्की करायच्या आधी प्रत्येक पट्ट्यात एक मीटर खोल खड्डा घ्या. रोप जगेल का हे वाऱ्याचा मारा सांगतो. मोठं झालेलं झाड उभं राहील का, हे मुळं किती खोल जातात त्यावर ठरतं. ३०-४० सेंटिमीटरवर खडक किंवा पाणी लागत असेल तर मध्यम माऱ्याच्या पट्ट्यातही १५ मीटरचं झाड मुळासकट उलथेल. वाऱ्याच्या मोजणीत न दिसणारी ही गोष्ट दहा-पंधरा वर्षांनी समोर येते, तेव्हा ती हातातून गेलेली असते. घळीतही हे तपासा. तिथे वारा नाही, पण पाणी साचत असेल.

वाऱ्याकडच्या उताराच्या मध्यावर (५.४) लावताना रोपं २० ते ४० सेंटिमीटर उंचीचीच घ्या, बुंध्याशी जाड. मीटरभर उंचीची काटकुळी रोपं वाऱ्यात गोल फिरतात, खोडाभोवती मातीत खळगा पडतो, त्यात पाणी साचून साल कुजते किंवा उन्हाळ्यात मुळं उघडी पडतात. जोराच्या वाऱ्यानंतर प्रत्येक रोपाच्या बुडाशी बोट घालून बघा. खळगा असेल तर माती भरून टाचेने दाबा. आधारकाठी लागलीच तर रोपाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागातच बांधा, म्हणजे वरचं खोड हलून जाड होत राहील. संरक्षक नळ्या ६० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. १२० ची नळी शिडासारखा वारा धरते आणि काठीसकट आडवी होते.

धारेच्या खाली, वाऱ्याकडच्या वरच्या भागात आधी झुडपांचा पट्टा लावा, तीन-चार ओळी. किंवा निम्मी भोकं असलेली जाळी. आडोसा अर्धा झिरपता असला की सर्वांत चांगलं काम करतो. भिंतीसारखा भरीव असेल तर मागे भोवरा करतो. दीड मीटरच्या जाळीमागे कामाचा आडोसा उंचीच्या दहापट, म्हणजे १५ मीटरपर्यंत धरा. त्यापुढे परिणाम दिसतो, पण लागवड त्यावर बेतू नका. जाळीच्या दोन्ही टोकांशी वारा वळून वेग घेतो, म्हणून ती राखायच्या ओळींच्या पलीकडे दोन्हीकडे निदान १० मीटर न्या, आणि मध्ये वाटेसाठी फट सोडायची तर ती तिरकी सोडा.

खिंडीत मात्र आडोशाचा पट्टा आडवा टाकू नका. वारा दोन्ही टोकांनी आणखी जोरात निघेल आणि शेजारच्या धारेचा मारा वाढेल. तिथे गवत आणि जमिनीलगतची झुडपं राहू द्या.

---

उतारमाथा:

१९० वाल्या निशाणावर चुण्या होत्या, वरचा वॉशर गंजून नळी अडली होती. स्टीलचा वॉशर बसवला. ६.८ धरतो. उद्या खड्ड्यांचं काम सुरू करतो, आणि आजपासून दर बदलाच्या दिवशी सगळ्या निशाणांचे फोटो.

---

ताणाबाणा:

बाकीच्या एकोणीस नळ्याही हाताने फिरवून बघा, वॉशर एकाच पुड्यातले असणार. आणि त्या रद्द निशाणावर तारखेसह तसं लिहून ठेवा, नाहीतर वर्षाच्या शेवटी बेरीज करताना १९० परत आत येतो.